सत्तावीस मऊ रंग

काकांचा मोतीबिंदू काढला आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला. शस्त्रक्रियेचा त्यात काही दोष नाही हं. ती झकास झाली. डॉक्टर खूश, काकू खूश, आणि समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर काय लिहिलंय ते काका खिडकीतून मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. घोळ झाला तो पुतणीच्या प्रेमापोटी, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर?

काका म्हणजे ध्वनिमुद्रण करणारे काका. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा स्टुडिओ. एका खोलीत गाणारे-वाजवणारे, दुसरीत काका आणि त्यांचा कॉम्प्युटर, मध्ये जाड काच. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना काकाच म्हणायचा, पण खरी पुतणी एकच. तिला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी ती खारीसारखी दोन मिनिटं एका जागी टिकायची नाही. बाराव्या वर्षी ती काकांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि तिथं मात्र टिकली. आता तिशीला आली होती. सूर जरा खाली आहे, श्वास मध्येच तुटलाय, हा आवाज माइकच्या फार जवळून आलाय, हे सगळं ऐकायला तिला काकांनी शिकवलं होतं.

काका घरी डोळ्याला पट्टी लावून बसले होते त्या पंधरा दिवसांत खारूनं स्टुडिओतलं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. जुन्यात कॉम्प्युटरचा पडदा सगळा राखाडी असायचा. चालू असलेला ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचा वेगळा आवाज, गडद, बंद केलेला ट्रॅक फिकट, संपलं. नव्या आवृत्तीत ती थीम, म्हणजे ती रंगसंगती, चालेना. मग पोरीनं स्वतः नवी थीम बनवायला घेतली. अकरा संध्याकाळी बसून एकेक रंग निवडला. ड्रमचा वेगळा, व्हायोलिनचा वेगळा, गाणाऱ्याचा वेगळा, चालूला हिरवा, बंदला लाल, परत परत रेकॉर्ड केलेल्यांतल्या चांगल्या टेकला हिरवी पट्टी, टाकाऊला लाल. असे मोजून सत्तावीस रंग. आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना त्रास नको म्हणून सगळे रंग एकसारखे मऊ केले. एकही जास्त उजळ नाही, एकही जास्त गडद नाही.

काका परत आले तेव्हा तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, पडदा चालू केला आणि बाजूला उभी राहिली.

"कशी आहे?"

काकांनी पाहिलं. पडद्यावर चिखल होता. वरून खालपर्यंत एकाच जातीचा चिखल, कुठं थोडा पिवळट, कुठं थोडा निळसर.

"वा!" काका म्हणाले. "फारच सुंदर. बागच की गं ही."

आता गोष्ट अशी की काकांना लाल आणि हिरवा हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. जन्मापासून. आणि हे जगात एकट्या काकूला ठाऊक होतं, तेही लग्नानंतर आठ दिवसांनी काका एक पाय तपकिरी आणि एक पाय हिरव्या मोज्यात घालून निघाले तेव्हा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी एका मोठ्या स्टुडिओत हे सरळपणे सांगितलं होतं. तिथल्या मुख्य साहेबांनी ऐकून घेतलं, "हरकत नाही" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून काकांना वायरी गुंडाळायला बसवलं. दोन वर्षं! काचेपलीकडे गाणी होत होती आणि हे जमिनीवर बसून वायरींची वेटोळी करत होते. तो स्टुडिओ सोडला त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही. मग यंत्रांवरचा लाल दिवा डावीकडचा, हिरवा उजवीकडचा, असं पाठ करत करत चाळीस वर्षं निभावून नेली. आणि नेमकं आताच हे पुढ्यात आलं, कारण पुढच्या महिन्यात मास्तर येणार होते.

मास्तर म्हणजे बासरीवाले मास्तर, काकांपेक्षा बारा वर्षांनी मोठे. काकांचं पहिलं स्वतंत्र काम त्यांचंच होतं आणि गेल्या तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणासमोर बासरी रेकॉर्ड केली नव्हती. आता दम पुरेनासा झाला होता. "एक शेवटचं करू रे," ते म्हणाले होते. "त्यानंतर बासरी ठेवून देतो. पण तुझ्यासमोरच वाजवणार, आधीच सांगतो." काकांनी त्या रेकॉर्डिंगसाठी खोलीतले पडदे धुऊन घेतले होते, करकरणारं स्टूल दुरुस्त करून घेतलं होतं. त्यांचा जीव त्या एका कामात अडकला होता.

थीम बदलायला सांगावं, तर कारण सांगावं लागणार. न सांगावं, तर समोर चिखल. काका म्हणाले, बघू, होईल सवय.

पहिला दणका नाचाच्या बाईंच्या कामात बसला. बाईंची नृत्यशाळा होती. मुलींच्या कार्यक्रमासाठी त्यांनी संगीत करून घेतलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वादकांना अंदाज यावा म्हणून बाईंनी स्वतःच्या आवाजात सूचना बोलून ठेवल्या होत्या. अशा आवाजाला गाइड म्हणतात. काम झालं की तो ट्रॅक बंद ठेवायचा असतो. काकांनी तो बंद करून सगळं मिक्स मन लावून ऐकलं. उत्तम झालं होतं. मग फाइल काढण्याआधी सवयीप्रमाणे पडद्यावर एक नजर टाकली. गाइड बंद आहे की चालू? त्यांना काही कळेना. चालू असला तर? बाई दारात चप्पल काढत होत्या. काकांनी खात्रीसाठी चालू-बंदचं तेच बटण एकदा दाबलं आणि फाइल काढून त्यांच्या हातात दिली.

तालमीच्या वेळी चाळीस पालकांसमोर, जिथं व्हायोलिन अगदी हळू होतं, तिथं स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "आता शांत! कुणीही हलू नका! अगं तू, जाडे, पोट आत!"

बाई दुसऱ्या दिवशी तणतणत आल्या. खारूनं माफी मागितली, फाइल नवी काढून दिली, आणि त्या गेल्यावर काकांकडे बघत बसली.

"काका, तुम्ही पूर्ण ऐकलं होतंत ना?"

"ऐकलं होतं की."

"मग हे ऐकू नाही आलं?"

ऐकल्यानंतर बटण दाबलं असं सांगावं, तर का दाबलं ते आलं. काका म्हणाले, "राहून गेलं असेल." खारूनं मान हलवली, पण तिच्या कपाळावर आठी पडली ती काही गेली नाही.

दुसरी भानगड आठ दिवसांनी. एका गायिकेचे दोन टेक होते. खारूनं एक हिरवा केला होता, एक लाल. ती पलीकडच्या खोलीत माइक लावत होती, तिथूनच ओरडली, "काका, हिरवा टेक ऐकून सांगा ना, हाच ठेवायचा ना?"

काकांनी दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं. दोन सारख्या मळकट पट्ट्या. देवाचं नाव घेऊन त्यांनी वरची वाजवली. दुसऱ्याच ओळीत गायिका सुराच्या खाली, आणि शेवटी तर पार घसरलेली. काकांना नवलच वाटलं. ही पोरगी इतका ढळढळीत बेसूर टेक ठेवायचा का म्हणून विचारतेय?

"छे छे, साफ बेसूर आहे," ते ओरडले. "फेकून दे."

काचेपलीकडे खारू हातात वायर घेऊन तशीच उभी राहिली. "बेसूर? हिरवा?"

"दुसऱ्या ओळीपासून."

"मला तर फार सुरेल वाटला होता."

"मग कान तपासून घे," काका हसत म्हणाले. थट्टाच केली हो. पण ती हसली नाही. तिनं येऊन हिरवा टेक काढून टाकला, गायिकेला पुन्हा बोलावलं, आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. काका बुचकळ्यात. एवढं काय झालं हिला?

आपण चुकीची पट्टी वाजवली असेल हे त्यांच्या डोक्यात आलं ते रात्री जेवताना, आणि घास घशातच अडकला. काकूनं पाठीवर थाप मारली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगून टाका तिला. पोरगी आहे आपली. ती काय तुम्हाला वायरी गुंडाळायला बसवणार आहे?"

"मास्तरांचं काम होऊ दे. मग सांगतो."

"मास्तरांच्या कामात घोटाळा झाला म्हणजे?"

"मी करतो काहीतरी."

काका जे काहीतरी करायला गेले ते सांगायलाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, शिंप्याचं दुकान उघडायच्याही आधी, ते स्टुडिओत जाऊन बसले. ठरवलं होतं की आपणच गुपचूप थीम बदलायची. सेटिंग सापडलं. त्यात रंग निवडायचं गोल चाक होतं, अर्धं चिखलाचं, अर्धं निळं. काकांनी निळ्यावर टिचकी मारली. पडद्याची पार्श्वभूमी निळी झाली. बरं वाटलं. मग अक्षरं नीट दिसेनात, म्हणून अक्षरांचा रंग बदलायला गेले. चुकून तोही निळाच निवडला. झालं! सगळी अक्षरं गायब. मेनू गायब, बटणांवरची नावं गायब, रंग बदलायची जागा कुठं होती तीही गायब. वीस मिनिटं ते त्या निळ्या पडद्यावर कुठंकुठं टिचक्या मारत राहिले. कुठंतरी काहीतरी होत होतं, काय ते कळत नव्हतं. एकदा ड्रम वाजले.

खारू आली तेव्हा काका घामाघूम होऊन बसले होते.

"काका, काय केलंत हे?"

"मी? काही नाही. आपोआप झालं."

"आपोआप?"

"चालू केलं तर हे असंच आलं. मला वाटलं विजेचा काहीतरी प्रॉब्लेम."

खारूनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तिची थीम परत आणली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज तुम्ही नुसतं ऐका. मी करते." लहान मुलाशी बोलावं तसं. काका निमूटपणे मागच्या सोफ्यावर जाऊन बसले.

त्यानंतर सगळंच विचित्र व्हायला लागलं. खारू त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली. त्यांनी केलेलं प्रत्येक काम ते घरी गेल्यावर पुन्हा ऐकायला लागली. मास्तरांचा रोजचा फोन आठवड्यातून एकदा यायला लागला, आणि त्यातही ते प्रकृतीच विचारत, तीही फार मायेनं. रेकॉर्डिंगचं विचारलं की म्हणत, "बघू रे, घाई काय आहे." घाई त्यांनाच होती की! काकांना काही केल्या उलगडा होईना.

शेवटी खारूनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. काकांनी खूप आढेवेढे घेतले, पण काकूच म्हणाली, "चला. बघू डॉक्टर काय म्हणतात," आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी मुकाट्यानं बूट घातले. काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरांनी बारीक-मोठे आवाज ऐकवले. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले तेव्हा ते स्वतःच गोंधळले होते.

"यांना इथं कशाला आणलंत?" त्यांनी खारूला विचारलं. "या वयात असे कान मी पाहिलेले नाहीत. माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं यांना."

काकांची छाती फुगली. पण खारूचा चेहरा पांढराफटक पडला होता. खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. काकांनी काकूकडे पाहिलं. काकूलाही काही कळलेलं दिसत नव्हतं.

तिघं स्टुडिओत आली. खारूनं पाठीवरची पिशवी काढली नाही. किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"या तुमच्याकडे ठेवा काका."

"का गं?"

"तुमचे कान ठीक आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलंय." तिनं किल्ल्या काकांकडे सरकवल्या. "म्हणजे तो टेक बेसूरच होता. मी तो चार वेळा ऐकला, काका. चारही वेळा मला सुरेल वाटला. अगदी काटा आला होता अंगावर. तुम्ही एकदा ऐकून सांगितलंत की बेसूर. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की तुमचे कान गेलेत. तुमचे नाही गेले, तर माझेच गेलेत. किंवा कधी नव्हतेच. अठरा वर्षं तुमच्या शेजारी बसून मला सूर कळत नसेल, तर मी इथं काय करतेय?"

"अगं ए, वेडी का तू?"

"वेडी नाही. मी हे काम सोडतेय."

आणि ती खरंच दाराकडे वळली. काकूनं काकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं दडवलेली गोष्ट, ती काय अशी पटकन बाहेर येते? पण पोरीचा हात कडीवर होता.

"खारू, थांब. मी लाल वाजवला होता."

"काय?"

"मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत. तू हिरवा म्हणालीस, मी कुठला तरी वाजवला. तो बेसूर होता, म्हणून बेसूर म्हणालो. तुझा टेक मी ऐकलाच नाही. नाचाच्या बाईंचं बटणसुद्धा तसंच. ती निळी भानगडही माझीच. वीजबीज काही नव्हतं."

खारूचा हात कडीवरून खाली आला. तिला सगळं समजायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आल्यासारखं झालं, मग ते गेलं.

"आणि माझी थीम?"

"चिखल दिसतो गं."

"तुम्ही बाग म्हणाला होतात."

"हो."

"अकरा दिवस बसले होते मी!" ती एकदम ओरडली. "एक शब्द बोलायचात! एक! मी घरी जाऊन रडत होते, काका. तुमचे कान गेले म्हणून. तुम्हाला कळू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडत होते. आणि तुम्ही इथं बसून..." मग ती मध्येच थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. मास्तर."

"मास्तरांचं काय?"

"मी सांगितलं त्यांना. तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही म्हणून. तुमची फजिती होऊ नये म्हणून. म्हटलं, तुम्ही तुमचं काम दुसरीकडे करा, काकांना फक्त कारण सांगू नका."

काकांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. खारू आणि काकू दोघी समोर उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच ते बोलले.

"मास्तर, मी बोलतोय. माझे कान चांगले आहेत. मला रंग दिसत नाहीत. लाल-हिरवे. पहिल्यापासून. पोरीला ठाऊक नव्हतं, तिचा गैरसमज झाला. मीच सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही."

मास्तर म्हणाले, "गाढवा."

"हो मास्तर."

"तुझे कान गेले असं कळलं तेव्हा मी चार दिवस बासरीला हात लावला नाही. माहीत आहे?"

"चुकलं माझं. उद्या येता? सगळी तयारी आहे. स्टूल पण..."

"काल झालं रे रेकॉर्डिंग."

"काल?"

"तिकडं, पुलापलीकडच्या स्टुडिओत. पोरं चांगली आहेत. सहा तास वाजवलं. शेवटच्या तुकड्याला दम संपला, तो तसाच ठेवलाय. आता पुन्हा नाही रे होणार माझ्याच्यानं." मास्तरांनी दम घेतला. "काच होती समोर. सारखं वाटत होतं तू मागं आहेस."

काकांनी "बरं" म्हटलं. फोन ठेवून ते खुर्चीत बसले. काकू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. खारू रडत होती, या वेळी नळबिळ न सोडता, सगळ्यांसमोर. "माझ्यामुळे झालं," ती म्हणत होती.

"तुझ्यामुळे कसलं? मी तोंड शिवून बसलो होतो," काका म्हणाले. खालच्या दुकानातलं शिलाई मशीन चालू होत होतं आणि थांबत होतं.

मग काकांनी शेजारची खुर्ची पायानं ओढली. "बस इथं. पिशवी काढ आधी."

खारू बसली. तिनं डोळे पुसून पडदा चालू केला, सेटिंग उघडलं, आणि पहिल्या रंगावर बोट ठेवलं.

"हा वेगळा दिसतो?"

"नाही," काका म्हणाले.

"हा?"

"तोही नाही."

तिनं तो पुसला आणि पुढच्यावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला आणि नीट बघून सांगितलं, "हाही नाही गं दिसत मला."